विश्लेषण : फ्लशचा शोध न लावताही थॉमस क्रॅपर यांचे नाव का टिकले? दहा सफरचंदे आणि कागदाच्या चार तुकड्यांच्या चाचणीची गोष्ट

फ्लश टॉयलेटचा शोध कोणी लावला, या प्रश्नाला प्रश्नमंजूषांमध्ये आणि समाजमाध्यमांवर हमखास मिळणारे उत्तर म्हणजे थॉमस क्रॅपर. हे उत्तर चुकीचे आहे. लंडनच्या या प्लंबरचा जन्म झाला, तेव्हा फ्लशची कल्पना २४० वर्षे जुनी होती. तरीही दीड शतकानंतर लोकांना मूळ संशोधकाऐवजी क्रॅपर हेच नाव आठवते. यामागे नावाची गंमत आहे, एका विनोदी पुस्तकाचा हात आहे; पण त्याहून महत्त्वाचे एक कारण आहे. शौचालय शोधून काढणे आणि ते रोज, प्रत्येक वेळी, कागदासकट साफ होईल असे बनवणे या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. दुसऱ्या कामात ज्या पिढीने आयुष्य घातले, त्या पिढीचे क्रॅपर हे सर्वात ओळखीचे नाव. ते कोण होते, त्यांनी काय केले, काय केले नाही आणि त्यांच्या काळात सुरू झालेल्या चाचण्या आज टॉयलेट पेपरपर्यंत कशा पोहोचल्या, याचा आढावा.

क्रॅपर यांच्याआधी फ्लश होता का?

होता. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीचे मानसपुत्र सर जॉन हॅरिंग्टन यांनी १५९६ मध्ये पाण्याने धुतल्या जाणाऱ्या शौचालयाचे वर्णन प्रसिद्ध केले होते. पण घरोघरी नळ नव्हते आणि मैला वाहून नेणारी गटारेही नव्हती. त्यामुळे ती कल्पना दरबारी कुतूहलापुरती उरली. पुढचे मोठे पाऊल १७७५ मध्ये पडले. लंडनमधील घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यांनी शौचालयाच्या खालच्या नळीला इंग्रजी एस अक्षरासारखे वळण देण्याचे पेटंट घेतले. या वळणात थोडे पाणी कायम साचून राहते आणि गटारातील वायू घरात येत नाही. आजही प्रत्येक कमोडच्या आणि बेसिनच्या खाली असणारा ट्रॅप याच तत्त्वावर चालतो. १७७८ मध्ये जोसेफ ब्रामा यांनी कमिंग यांच्या रचनेत सुधारणा करून आणखी एक पेटंट घेतले.

म्हणजे पाणी सोडणे, वास अडवणे आणि घाण वाहून नेणे ही तिन्ही मूलतत्त्वे अठराव्या शतकातच ठरून गेली होती. उरला होता तो भरवशाचा प्रश्न. झडपा अडकत, चामड्याच्या चकत्या कुजत, टाक्या गळत आणि भांडे पूर्ण साफ होत नसे. या टप्प्यावर क्रॅपर यांची गोष्ट सुरू होते.

यॉर्कशायरचा मुलगा लंडनमध्ये कसा आला?

थॉमस क्रॅपर यांचा जन्म १८३६ मध्ये यॉर्कशायरमधील थॉर्न या गावाजवळच्या वॉटरसाइड येथे झाला. त्यांच्या बाप्तिस्म्याची नोंद २८ सप्टेंबर १८३६ ची आहे. वडील चार्ल्स हे जहाजावर काम करणारे. घरची परिस्थिती साधी होती आणि मुलांनी लवकर कामाला लागावे हा तेव्हाचा रिवाज होता. थोरला भाऊ जॉर्ज लंडनच्या चेल्सी भागात प्लंबर म्हणून स्थिरावला होता. १८५३ मध्ये थॉमस त्याच्याच हाताखाली उमेदवारी करू लागला.

त्या काळी प्लंबिंग हे शिशाचे काम होते. नळ्या शिशाच्या, टाक्यांचे अस्तर शिशाचे आणि जोड डाख देऊन हाताने घडवलेले. एखादा जोड नीट बसला नाही तर भिंतीत पाणी मुरे आणि गटाराकडचा जोड कच्चा राहिला तर घरात वास येई. उमेदवारी संपल्यावर क्रॅपर यांनी काही वर्षे पगारी कारागीर म्हणून काम केले. १८६० मध्ये त्यांचे नात्यातील मारिया ग्रीन यांच्याशी लग्न झाले. पुढच्याच वर्षी, १८६१ मध्ये, त्यांनी चेल्सीतील मार्लबरो रोडवर स्वतःचा व्यवसाय थाटला. पितळी भाग ओतण्याची भट्टी आणि कार्यशाळाही त्यांचीच होती. पाटीवर त्यांनी स्वतःला सॅनिटरी इंजिनीअर म्हणवून घेतले. हा शब्द तेव्हा नवा होता आणि त्यामागे लंडनची मोठी गरज उभी होती.

त्या काळी प्लंबरच्या कामावर जीव का अवलंबून होता?

१८४८ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने नव्या घरांना काही ना काही शौचालयाची सोय बंधनकारक केली. पाण्याची शौचालये वाढू लागली. पण त्यांचे पाणी आधी घराखालच्या मैलाकुंडांत आणि मग थेट टेम्स नदीत जाऊ लागले. त्याच नदीचे पाणी शहरातील अनेकांच्या पिण्यात होते. १८५४ मध्ये सोहो भागातील कॉलऱ्याच्या साथीत ६०० हून अधिक लोक मरण पावले. १८५८ च्या उन्हाळ्यात नदीला इतकी दुर्गंधी सुटली की संसदेचे कामकाज अवघड झाले. त्यानंतरच जोसेफ बॅझलजेट यांच्या भुयारी गटारांच्या योजनेला पैसे मिळाले. क्रॅपर तेव्हा पंचविशीच्या आत होते आणि याच शहरात नळ्या जोडत होते.

श्रीमंत घरेही सुरक्षित नव्हती. १८६१ च्या डिसेंबरमध्ये राणी व्हिक्टोरिया यांचे पती प्रिन्स अल्बर्ट यांचे निधन झाले. डॉक्टरांनी तेव्हा टायफॉइडचे निदान केले होते. या निदानाविषयी नंतर शंका घेतल्या गेल्या, पण लोकांच्या मनात गटारांची भीती बसली. दहा वर्षांनी, १८७१ मध्ये, त्यांचा मुलगा आणि गादीचा वारस एडवर्ड स्कारबरोजवळच्या एका सरदाराच्या हवेलीत पाहुणा म्हणून राहिला आणि टायफॉइडने मरता मरता वाचला. त्याच हवेलीत राहिलेले अर्ल ऑफ चेस्टरफील्ड आणि राजपुत्राचा मोतद्दार मात्र वाचले नाहीत. संशय हवेलीच्या गटारव्यवस्थेवर गेला.

त्या वेळी अनेक डॉक्टर आणि अभियंते गटारातील वायूलाच रोगाचे कारण मानत. टायफॉइडचा जिवाणू १८८० मध्ये कार्ल एबर्थ यांना दिसला आणि पुढे हळूहळू वायूचा सिद्धांत मागे पडला. रोग मैल्याने दूषित झालेल्या पाण्यातून आणि अन्नातून पसरतो, हे स्पष्ट झाले. कारण चुकीचे होते, तरी उपाय बराचसा योग्य निघाला. घट्ट जोड, पाण्याने बंद राहणारा ट्रॅप आणि घराची नळी गटारापासून तोडणारी रचना यांमुळे मैला माणसांपासून दूर राहिला. क्रॅपर यांच्या नावावर एकूण नऊ पेटंटे आहेत. त्यांतली काही गटारे आणि नळ्यांचे जोड यांच्याशी, तर तीन शौचालयातील सुधारणांशी संबंधित आहेत. खुद्द फ्लश टॉयलेटचे पेटंट त्यांत नाही. एस वळणाऐवजी यू वळणाचा ट्रॅप आणण्याचे श्रेयही त्यांना दिले जाते आणि त्यासाठी १८८० हे वर्ष सांगितले जाते.

टाकीतली गळती इतकी महत्त्वाची का होती?

लंडनला पाणी पुरवणाऱ्या खासगी कंपन्यांना शौचालय म्हणजे पाणी वाया घालवणारे यंत्र वाटे आणि ते फारसे खोटे नव्हते. जुन्या टाक्यांच्या तळाला झडप असे. साखळी ओढली की झडप उघडे आणि सोडली की बंद होई. पण झडपेची चकती झिजली की थेंब थेंब पाणी दिवसरात्र वाहत राही. काही लोक तर भांडे स्वच्छ राहावे म्हणून साखळी ओढलेल्या स्थितीत बांधूनच ठेवत. म्हणून १८७० च्या दशकापासून लंडनच्या पाणीनियमांनी अशी टाकी मागितली, जी एका वेळी सुमारे दोन गॅलन म्हणजे ९ लिटर पाणी सोडेल आणि मग आपोआप थांबेल. या टाकीला पाण्याचा अपव्यय रोखणारी टाकी असेच नाव पडले.

यावरचे उत्तर होते सायफन. कॅनमधून रॉकेल काढताना नळी एकदा तोंडाने ओढून सोडली की पुढचे रॉकेल आपोआप वाहते, तोच हा प्रकार. टाकीत उलट्या यू आकाराची नळी असते. साखळी ओढली की आतली तबकडी वर उचलली जाते आणि थोडे पाणी नळीच्या माथ्यावरून पलीकडे ढकलले जाते. पलीकडच्या बाजूने पाणी खाली पडू लागले की उरलेले पाणी त्याच्यामागे ओढले जाते. टाकीतील पातळी नळीच्या तोंडाखाली गेली की हवा आत शिरते आणि धार तुटते. पाण्याला बाहेर जाण्याचा रस्ता पातळीच्या वरून असल्यामुळे झिजून गळायला तळाशी झडपच उरत नाही. साखळी बांधून ठेवली तरी एका टाकीपेक्षा जास्त पाणी जात नाही.

मुंबई-पुण्याच्या जुन्या इमारतींत डोक्यावर टांगलेली लोखंडी टाकी आणि तिची लोंबती साखळी ज्यांनी वापरली आहे, त्यांनी बहुधा हाच सायफन वापरला आहे.

हा सायफनही क्रॅपर यांचा शोध नव्हे. जोसेफ अ‍ॅडमसन यांनी १८५३ मध्येच सायफनच्या फ्लशचे पेटंट घेतले होते. क्रॅपर यांच्या नावाने जी झडपरहित, आवाज न करणारी टाकी गाजली, तिचे १८९८ चे ४९९० क्रमांकाचे पेटंट अल्बर्ट गिब्लिन यांच्या नावावर आहे. क्रॅपर यांनी ती बनवली, विकली आणि जाहिरातींतून घराघरांत पोहोचवली. हलक्या ओढीने खात्रीने फ्लश होणे आणि टाकी दोन तृतीयांश भरली असली तरी काम करणे, हे गुण त्यांच्या जाहिरातींत ठळकपणे मांडलेले असत. ग्राहकाला नेमके हेच हवे होते. साखळी तीन-तीनदा ओढावी लागणे हा त्या काळच्या घरांतला रोजचा त्रास होता.

दहा सफरचंदांची चाचणी काय होती?

टाकी खात्रीची आहे हे ग्राहकाला पटवायचे कसे, हा पुढचा प्रश्न. खरा मैला प्रदर्शनात वापरता येत नाही आणि तो प्रत्येक वेळी सारखाही नसतो. त्यामुळे पर्यायी वस्तू शोधल्या गेल्या. याचे सर्वात प्रसिद्ध उदाहरण १८८४ मध्ये लंडनच्या आरोग्य प्रदर्शनात दिसले. जॉर्ज जेनिंग्ज यांच्या कंपनीच्या कमोडने तिथे सुवर्णपदक मिळवले. हे जेनिंग्ज म्हणजे ज्यांनी १८५१ च्या क्रिस्टल पॅलेस प्रदर्शनात एक पेनी घेऊन सार्वजनिक शौचालये चालवली आणि ज्यांचा लाभ ८ लाख २७ हजार लोकांनी घेतला, तेच. १८८४ पर्यंत ते हयात नव्हते, पण कंपनी चालू होती.

या चाचणीत दोन गॅलनच्या एकाच फ्लशमध्ये चार गोष्टी साफ व्हायच्या होत्या. सरासरी सव्वा इंच व्यासाची दहा सफरचंदे. साडेचार इंचांचा एक चपटा स्पंज. भांड्याला आतून फासलेले प्लंबरचे काळे, म्हणजे डाख नको तिथे चिकटू नये म्हणून वापरले जाणारे काजळी व सरसाचे मिश्रण. आणि त्या काळ्यावर घट्ट चिकटवलेले कागदाचे चार तुकडे. क्रॅपर यांच्या कारखान्यातही सफरचंदे, स्पंज आणि हवा कोंडलेले चुरगळलेले कागद वापरून अशाच चाचण्या होत असल्याचे वर्णन त्यांच्या चरित्रात येते.

यादी गमतीची वाटते, पण तिच्यामागे अभियांत्रिकी आहे. प्रत्येक वस्तू वेगळा दोष पकडते. सफरचंद पाण्यात तरंगते. ते ट्रॅपच्या वळणाखाली ढकलून पलीकडे न्यायला पाण्याचा जोर एकदम आणि एकवटून यावा लागतो. तेवढेच पाणी सावकाश सोडले तर सफरचंद जागेवर फिरत राहते. स्पंज नळीला चिकटतो, त्यामुळे वळणाची रुंदी आणि गुळगुळीतपणा तपासला जातो. काळे फासल्याने पाणी भांड्याच्या कोणत्या भागावर पोहोचतच नाही ते लगेच दिसते. आणि कागद? त्याची अडचण सर्वात अवघड. तो हलका असतो, भिंतीला चिकटतो, चुरगळला तर हवा धरून वर राहतो आणि वळणात अडकला तर पुढच्या सगळ्यांची वाट अडवतो.

कागद शौचालयात आला कधी?

क्रॅपर उमेदवारी करत होते त्या काळात बहुतेक इंग्लिश घरांत जुन्या वर्तमानपत्रांचे तुकडे दोरीत ओवून भिंतीला टांगलेले असत. शौचालयासाठी म्हणून कागद विकण्याचा नाव घेण्यासारखा प्रयत्न १८५७ मध्ये न्यूयॉर्कचे जोसेफ गेएटी यांनी केला. त्यांनी कोरफडयुक्त कागदाचे ५०० ताव ५० सेंटला विकायला ठेवले. प्रत्येक तावावर त्यांचे नाव जलचिन्हासारखे उमटवलेले असे. मूळव्याधीवरचा उपाय म्हणून त्यांनी त्याची जाहिरात केली. पण फुकट मिळणाऱ्या वर्तमानपत्राशी स्पर्धा करणे कठीण होते. ब्रिटनमध्ये १८८० च्या सुमारास छिद्ररेषा असलेला कागद येऊ लागला आणि १८९१ मध्ये अमेरिकेत सेथ व्हीलर यांनी छिद्ररेषांच्या गुंडाळीचे पेटंट घेतले. कागदाचे टोक गुंडाळीच्या वरून यावे की मागून, हा आजचा लाडका वाद. व्हीलर यांच्या आकृतीत ते वरून येते.

शौचालये वाढली आणि कागदही बदलू लागला. मैलाकुंडात टाकलेल्या वर्तमानपत्राने फारसे बिघडत नव्हते. पण ट्रॅपच्या अरुंद वळणात आणि लांब नळीत न विरघळणारा कागद म्हणजे तुंबण्याचे निमंत्रण होते. कमोड, नळी आणि कागद ही एकाच यंत्राची तीन अंगे आहेत.

राजवाड्याचे काम आणि काचेची खिडकी

क्रॅपर यांचे स्वतःचे सर्वात ठळक योगदान कदाचित दुकानाच्या मांडणीत होते. त्या काळी सभ्य घरांत शौचालयाचा उल्लेखही टाळत. प्लंबर घरी येई, मालकाशी हळू आवाजात बोले आणि माल परस्पर बसवून जाई. क्रॅपर यांनी चेल्सीत काचेच्या मोठ्या खिडक्यांमागे कमोड, बेसिन आणि नळ मांडले. स्नानगृहाच्या सामानाची अशी खुली शोरूम मांडणाऱ्या पहिल्यांपैकी ते होते. काही स्त्रियांना ते दृश्य पाहून भोवळ आली, अशी दंतकथा आहे. ती खरी असो वा नसो, ग्राहकाला वस्तू प्रत्यक्ष पाहून निवडता येऊ लागली हे खरे.

१८८० च्या दशकात त्यांना सर्वात मोठे काम मिळाले. टायफॉइडमधून वाचलेल्या त्याच राजपुत्र एडवर्डच्या सँड्रिंगहॅम येथील निवासस्थानाची नळ आणि सांडपाण्याची व्यवस्था. तिथे त्यांनी देवदाराच्या लाकडाच्या बैठका असलेली तीस शौचालये बसवली. गटाराच्या भीतीतून गेलेल्या माणसाने आपल्या घराची गटारे ज्याच्या हाती सोपवली, त्याच्यासाठी याहून मोठे प्रशस्तिपत्र नव्हते. राजघराण्याचे अधिकृत पुरवठादार म्हणून त्यांना मान्यता मिळाली. एडवर्ड राजा झाल्यावर आणि पुढे पाचव्या जॉर्जच्या काळातही ती कंपनीकडे राहिली. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेच्या आवारात क्रॅपर यांच्या नावाची मॅनहोलची झाकणे आजही आहेत आणि पर्यटक त्यांचे ठसे कागदावर उतरवून नेतात.

सगळेच प्रयोग यशस्वी झाले का?

नाही. क्रॅपर यांच्या एका पेटंटची गोष्ट उत्पादन चाचणी शिकणाऱ्या कोणालाही उपयोगी पडेल. त्यांनी आपोआप वर उचलली जाणारी कमोडची सीट बनवली होती. माणूस उठला की सीट वर जायची आणि त्याच हालचालीने फ्लशही व्हायचा. बसायच्या जागेखाली रबराचे ठोकळे होते. नवी असताना सीट छान चाले. पण काळ गेला की रबर चिकट होई. माणूस उठला तरी सीट क्षणभर खालीच चिकटून राही आणि मग अचानक सुटून मागून फटका देई. कंपनीच्या इतिहासात हा किस्सा खेळकरपणे सांगितला जातो. त्यातला तांत्रिक धडा मात्र गंभीर आहे. पहिल्या दिवशीची चाचणी आणि पाच वर्षांनंतरची चाचणी या वेगळ्या असतात. झडपेऐवजी सायफन यशस्वी झाला त्याचेही कारण हेच. त्यात झिजण्यासारखे फार कमी होते.

अखेरची वर्षे आणि मागाहून जन्मलेली दंतकथा

१९०४ मध्ये क्रॅपर निवृत्त झाले. पुतण्या जॉर्ज आणि भागीदार रॉबर्ट मार व्हॅरम यांनी कंपनी पुढे चालवली. शेवटची सहा वर्षे ते दक्षिण लंडनमधील एनर्ली येथे राहिले. २७ जानेवारी १९१० रोजी वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले. एल्मर्स एंड येथील दफनभूमीत त्यांचे थडगे आहे. क्रिकेटचे पितामह मानले जाणारे डॉ. डब्ल्यू. जी. ग्रेस यांनाही पाच वर्षांनी त्याच दफनभूमीत चिरनिद्रा मिळाली.

क्रॅपर यांना सर ही पदवी कधीच मिळाली नव्हती. इंग्रजीतील त्या प्रसिद्ध अशिष्ट शब्दाचा उगमही त्यांच्या आडनावात नाही; तो शब्द मध्ययुगीन आहे आणि शौचाच्या अर्थाने त्याची नोंद क्रॅपर लहान असतानाच, १८४६ मध्ये, सापडते. टाक्यांवरचे नाव पाहून पहिल्या महायुद्धातील अमेरिकी सैनिकांनी शौचालयालाच क्रॅपर म्हणायला सुरुवात केली, असे सांगितले जाते.

त्यांना फ्लशचा जनक बनवले ते प्रामुख्याने वॉलेस रेबर्न यांच्या १९६९ च्या विनोदी अंगाने लिहिलेल्या चरित्राने. कंपनी १९६६ मध्येच एका प्रतिस्पर्ध्याला विकली गेली होती, त्यामुळे खोडून काढणारेही फारसे उरले नव्हते. रेबर्न यांनी १९७१ मध्ये ब्रेसिअरच्या तथाकथित संशोधकाचे चरित्र लिहिले. तो माणूस पूर्ण काल्पनिक होता. याचा उलटा परिणाम असा झाला की अनेकांना क्रॅपर हेही काल्पनिक पात्रच वाटू लागले. एका गटासाठी ते सर्वस्वाचे जनक, तर दुसऱ्यासाठी अस्तित्वातच नसलेले. पेटंटच्या नोंदी, बाप्तिस्म्याची वही आणि मॅनहोलची झाकणे या दोन्ही दाव्यांना खोटे ठरवतात. ते एक कुशल प्लंबर, चोख उत्पादक आणि हुशार विक्रेते होते.

आज सफरचंदांची जागा कशाने घेतली आहे?

चाचणीचे तत्त्व तेच राहिले, साहित्य बदलले. युरोपातील कमोडच्या मानकात भांडे धुतले जाते का हे पाहायला लाकडाचा भुसा, वाहून नेण्याची क्षमता पाहायला प्लास्टिकचे ५० चेंडू आणि टॉयलेट पेपरचे १२ ताव वापरतात. कॅनडा आणि अमेरिकेत २००३ मध्ये सुरू झालेल्या मॅप चाचणीत सोयाबीनच्या पेस्टचे ठराविक वजनाचे तुकडे आणि चुरगळलेल्या कागदाचे चार गोळे टाकतात. अमेरिकेच्या पाणीबचत प्रमाणपत्रासाठी कमोडने ४.८ लिटर पाण्यात किमान ३५० ग्रॅम वाहून न्यावे लागतात. क्रॅपर यांच्या काळच्या जवळपास निम्म्या पाण्यात.

कागदाच्या चाचण्या आणखी बारीक आहेत, कारण त्याच्याकडून परस्परविरोधी अपेक्षा आहेत. कोरडा असताना तो फाटू नये आणि पाण्यात पडताच विरावा. हे शक्य होते ते सेल्युलोजच्या तंतूंमुळे. कोरड्या कागदात तंतू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. पाणी आत शिरले की हे बंध सुटतात. स्वयंपाकघरातील पेपर टॉवेल ओला झाला तरी टिकावा म्हणून त्यात खास रेझिन घालतात. टॉयलेट पेपरमध्ये ते टाळले जाते. म्हणूनच टॉवेल किंवा तोंड पुसायचा टिश्यू कमोडमध्ये टाकू नये. ताकदीसाठी सूचिपर्णी झाडांचे लांब तंतू आणि मऊपणासाठी निलगिरीसारख्या झाडांचे आखूड तंतू मिसळतात. मोठ्या तापलेल्या सिलिंडरवरून कागद पात्याने खरवडून काढला जातो. त्याने पडणाऱ्या बारीक सुरकुत्यांमुळे तो फुगीर आणि मऊ होतो.

आयएसओ १२६२५ या मानकमालेत टिश्यू कागदाची जाडी, दर चौरस मीटरचे वजन, कोरडी आणि ओली ताणशक्ती, पाणी शोषण्याचा वेळ आणि छिद्ररेषेची ताकद मोजण्याच्या पद्धती ठरवलेल्या आहेत. छिद्ररेषा फार पक्की असेल तर गुंडाळी सरसर उलगडते आणि फार कच्ची असेल तर ओढताच हातात तुकडा येतो. विरघळण्यासाठी पाण्याने भरलेल्या, ढवळल्या जाणाऱ्या भांड्यात कागद टाकून किती वेळात तो सुटा होतो ते पाहतात. मऊपणासाठी उपकरणे आहेत, तरी प्रशिक्षित माणसांच्या हातांनी तपासण्याची पद्धत अजून गेलेली नाही.

भारतीय वाचकांसाठी यातून काय घ्यायचे?

आपल्याकडे बहुतेक घरांत पाणीच वापरतात. पण कार्यालये, विमानतळ आणि हॉटेलांत कागद आहे आणि घरांत लहान मुलांसाठीचे ओले वाइप्स वाढत आहेत. अशा अनेक वाइप्समध्ये प्लास्टिकचे तंतू असतात. ते पाण्यात विरत नाहीत. २०१७ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागात गटारात चरबी आणि वाइप्स मिळून झालेला २५० मीटर लांब, १३० टन वजनाचा गोळा सापडला. तो फोडून काढायला कामगारांना कित्येक आठवडे लागले. क्रॅपर आणि बॅझलजेट यांच्या पिढीने ज्या शहराची गटारे मोकळी केली, त्याच शहरात हे घडले.

टाकीची कथाही पुन्हा तिथेच आली आहे. ब्रिटनमध्ये दीर्घकाळ सायफनचाच नियम होता. १९९९ च्या नियमांनी तळाच्या झडपेला पुन्हा परवानगी दिली आणि त्यानंतर गळक्या झडपांमधून वाया जाणारे पाणी हा तिथल्या पाणी कंपन्यांच्या काळजीचा विषय झाला. आपल्या कमोडमागच्या टाक्यांतही बहुतेक ठिकाणी अशीच झडप असते. ती गळते का हे घरीच तपासता येते. टाकीत खाण्याचा रंग किंवा हळदीचे पाणी घाला आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला, तर वॉशर बदलण्याची वेळ झाली आहे. हा भाग स्वस्त असतो. वाया जाणारे पाणी मात्र दिवसरात्र जात असते.